मोठ्या आवाजाचा सायलेन्सर

सेलूत आमच्याकडे सासरा घरात शिरायच्या आधी बाहेरूनच खाकरते. छातीत कफ-बिफ काही नसते, माणूस चांगला ठणठणीत असते. पण खाकरते, म्हणजे घरातल्या सुनांनी समजायचं की बुढा आला, पदर डोक्यावर घ्या, पसरलेले पाय आवरा, दात आत घ्या. माह्ये आजेसासरे म्हणे फाटकापासून चुलीपर्यंत खाकरत यायचे. माह्ये सासरे नत्थूजी, त्यायले मी मामाजी म्हणते, त्यायनं मात्र खाकरणं सोडून दिलं होतं. त्यायच्यापाशी बुलेट होती अन् ती बुलेटच त्यायच्या वतीनं खाकरायची.

अन् कशी खाकरायची बाप्पा! तिचा सायलेन्सर खालून सडून त्याले भोक पडलं होतं. मामाजी संध्याकाळी चहाले दुकानातून निघाले की बसस्टँडापासून धडधड ऐकू यायची. मारुतीच्या देवळापाशी वळताना एक फटाका फुटायचा. गाडी गल्लीत शिरली की आमच्या मांडणीवरचे गिलास वाजायचे. बसस्टँड ते गिलास, एवढा वेळ आम्हाले पुरायचा.

कायले पुरायचा ते सांगते. गाऊन काढून साडी नेसायले.

हसू नका. वर्धा जिल्ह्यातला मे महिना ज्यायनं टिनाखाली काढला नाई त्यायनं तर बिलकूल हसू नये. बाहेर कुत्रे नालीत बसून राह्यतात, अन् आम्ही गॅससमोर सहावारी नायलॉनची साडी, परकर, बाह्यायचा ब्लाऊज अन् वरून डोक्यावर पदर घेऊन पोळ्या लाटायच्या. पाठीवर घामोळ्या अशा उठायच्या की माह्या माहेरी माय विचारे, तुले गोवर झाला काय वं? अन् मजा पाहा, मामाजीचं दुकान कायचं? कापडाचं. पूर्‍या सेलू तालुक्यात गाऊन विकणारे पहिले आमचे मामाजी. मास्तरणी, नर्सबाया, बँकेतल्या साहेबाची बायको, सगळ्यायले काउंटरवर पसरून दाखवायचे, "घ्या ताई, कॉटन हाये, हवेशीर हाये, घरात आरामात राहा." ताई खुशीत घेऊन जायच्या. घरी आले की तेच मामाजी म्हणायचे, "दुकानातला माल दुकानात शोभते. आपल्या घरच्या बायायनं असं पोतं घालून फिरायचं नाई."

नुसते म्हणायचे नाईत. शेजारच्या ताराचंदभाऊच्या सुनेले कोणीतरी गच्चीवर गाऊनमधे पाहिलं, तर तिच्या बापाले बोलावून बैठक बसवली होती. ती बिचारी दोन महिने माहेरी होती. त्या बैठकीत सगळ्यात मोठ्यानं कोण बोललं असंन? आमचे मामाजी. म्हणून सांगते, आमचा जीव त्या भोक पडलेल्या सायलेन्सरवर टांगला होता.

आमचा म्हणते, कारण गाऊनवाल्या आम्ही दोघी होतो. दुसरी माही सासू, देवकाबाई. मी तिले आत्याबाई म्हणते. लग्न होऊन आली तवा मले वाटलं, हीच आपली दुश्मन. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात मी मोरीपाशी बसून ओला पंचा मानेवर घेऊन रडत होती, तर आत्याबाई एक पुडकं घेऊन आली. "डाग लागला म्हणून दुकानात बाजूले काढून ठेवले होते. दोन हायेत."

मी म्हटलं, "दुसरा कोणासाठी आत्याबाई?"

"कुत्र्यासाठी," ती म्हणाली, अन् आत जाऊन घालूनच आली. निळ्या रंगावर पिवळी मोठी मोठी फुलं.

मी पाहतच राह्यली. पदराबिगर आत्याबाई मी कधी पाहिलीच नव्हती. तिनं अंबाडा सोडला, कूलरसमोर पाय लांब केले अन् म्हणाली, "अव माय, हवा इथूनबी लागते काय?" मग दोघी इतक्या हसलो की मले उचकी लागली. आत्याबाई हसली की तिच्या डाव्या गालाले खळी पडते, हे मले त्या दिवशी समजलं. तवापासून जेवणं आटोपली की मामाजी परत दुकानात जायचे, अन् संध्याकाळी चहाले येईपर्यंतची दुपार आमची. मी खोटं नाई सांगत, ती दुपार नसती तर मी त्या घरात टिकली नसती.

तर नव्व्याण्णव साली पाडव्यानंतर ते भोक पडलेलं धन गेलं. मामाजी चतुर्थीले केळझरच्या गणपतीले गेलते. येताना रस्त्यातच सायलेन्सर तुटून पडला. मामाजीनं त्याचे तुकडे दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतले अन् बिनसायलेन्सरची गाडी घेऊन घरी आले. त्या दिवशीचा आवाज ऐकून आम्ही सावकाश साडी नेसली, पिना लावल्या, अन् वरून टिकलीबी बदलली.

जेवायले बसल्यावर विषय निघाला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी घेते, नाईतर तुमाले समजायचं नाई कोण बोलून राह्यलं. योगेंद्र म्हणाला, "बाबा, आता एकदम कंपनीसारखा टाकू. गाडी दारात येऊन उभी राह्यली तरी समजत नाई."

माह्या हातातली भाजीची पळी हवेतच राह्यली.

मामाजी म्हणाले, "हाव, टाकू. वय झालं आता. शांतता पाहिजे."

आत्याबाईले ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेंद्र दाढी करत होता, तवा मी त्याले धरलं. माह्या गाऊनचं त्याले माहीत होतं. त्याच्या मायच्या गाऊनचं नाई.

"तुमाले काही समजते का? आवाज नाई आला तर मामाजी आले हे मले कसं समजन?"

"दाराले कडी लावत जा."

"भरदुपारी कडी लावली तर विचारतीन नाई का, आत कोण कोंडलं म्हणून?"

"मग साडी नेस."

"तुमी नेसा," मी म्हटलं. "मे महिन्यात एक दिवस नेसा, पोळ्या लाटा, मग मले सांगजा."

त्यानं गालावरचा फेस पुसला. म्हणाला, "आवाज असला की पोलिस चालान फाडते. अन् पेट्रोल किती पेते गाडी, तुले त्याचं काही आहे का? तुले तुह्या गाऊनचीच पडली."

हाव, पडली. मले गाऊनचीच पडली. पेट्रोल काय मी पेत होती? पण त्याच्याशी बोलून उपयोग नव्हता. मी आत जाऊन आत्याबाईले सांगितलं. ती गहू निसत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"माह्या पोटचं पोट्टं, अन् त्यालेच आवाज नको म्हणते?" ती म्हणाली. मग म्हणाली, "गाडीचं काम करते तो रूपराव मिस्त्री तुह्या माहेरासमोरच बसते ना, नालवाडीले?"

"हाव."

"मग व्याह्यायकडे जाऊन कितीक दिवस झाले, नाई?"

माहेर नालवाडीले असल्याचा मले पहिल्यांदा असा फायदा झाला. त्याच आठवड्यात मामाजी अन् योगेंद्र बिनसायलेन्सरच्या बुलेटवर, पूर्‍या नागपूर रोडच्या शिव्या खात गेले, अन् आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. माह्या बापाच्या, मधुकररावच्या ओट्यावर खुर्च्या टाकल्या. समोर रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली रूपरावचं गॅरेज. माही माय चहा घेऊन आली, आम्ही बशीत ओतला, अन् पाहायले बसलो.

रूपराव मिस्त्री म्हणजे तोंडाचा धनी. कडुलिंबाच्या फांदीले तारेनं सायलेन्सर टांगून ठेवलेले. प्रत्येकाले हात लावून सांगे, "हा वर्धा जिल्ह्यात एकच पीस हाये मालक." चार पीस होते, चारही एकच. त्याची पद्धत अशी की एकेक लावून दाखवायचा, दोन बोल्ट कसायचे, किक मारायची, अन् गिऱ्हाईकानं गाडीवर बसून ऐकायचं. पसंत नाई तर ओलं पोतं धरून काढायचा अन् दुसरा लावायचा. काढताना दर वेळेस हात भाजायचा अन् दर वेळेस रूपराव सायलेन्सरच्या मायले आठवायचा.

पहिला लावला तो योगेंद्रच्या आवडीचा, कंपनीसारखा. रूपरावनं किक मारली. मामाजी गाडीवर बसले होते. त्यायनं खाली वाकून पाहिलं, मग टाकीले कान लावला.

"चालू झाली का?"

"चालूच हाये मालक!"

"पाहा बाबा," योगेंद्र असा खुश, असा खुश, "समजतच नाई!"

आत्याबाईनं बशी खाली ठेवली अन् माह्या बापाले म्हणाली, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "व्याही, गाडी बंद पडली वाटते त्यायची. जाऊन जरा धक्का मारा ना."

माहा बाप भोळा. चप्पल घातली, धोतर खोचलं अन् खरंच रस्ता ओलांडून गेला. मागून बुलेटले हात लावला अन् म्हणाला, "व्याही, तुमी बसून राहा, मी मारतो धक्का." रूपरावचे दोन गिऱ्हाईक हसायले लागले. मामाजीचं तोंड लाल झालं. कापडाचा व्यापारी, पांढरं झ्याक धोतर, अन् व्याही धक्का मारायले येते म्हणजे काय!

"काढ रे हा," मामाजी म्हणाले.

दुसरा होता शेपटीवाला. चकचकीत, मागून माशासारखा चिरलेला. रूपराव म्हणाला, "हा कॉलेजच्या पोरायचा लाडका." किक मारली. आता तो आवाज कसा होता ते मी चांगल्या घरची सून असल्यामुळे सांगू शकत नाई. हरभऱ्याची उसळ जास्त झाली की माणसाचा जो आवाज येते, तो होता, अन् थांबतच नव्हता. आत्याबाईनं पदराचा बोळा करून नाकाले लावला. माह्या मायनं ते पाहिलं अन् तोंडातला चहा फुर्रकन बाहेर. मामाजीनं आमच्याकडे पाहिलं, मग मागच्या शेपटीकडे पाहिलं.

"काढ."

तिसऱ्यानं मात्र घात केला. तिसरा चांगला होता. घुमारेदार, भारी, ना कमी ना जास्त. मामाजीनं डोळे मिटून ऐकला अन् मान डोलावली. योगेंद्रलेही चालला. रूपरावनं उरलेले बोल्ट उचलले.

मी हिशोब केला. हा आवाज आला तरी गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ऐकू यायचा नाई. म्हणजे मी परकराची नाडी बांधेपर्यंत बुढा दारात उभा राहून पाणी मागणार. मी आत्याबाईचा हात दाबला. ती बशीतल्या चहाकडे पाहत होती. तिकडे एक बोल्ट कसून झाला. दुसरा झाला. मले रडू यायले लागलं, खरंच. वाटलं, गेली आपली दुपार.

तेवढ्यात आत्याबाई खुशीत म्हणाली, "छान हाये व्याही हा. मले लय आवडला. ताराचंदभाऊनं नवीन गाडी घेतली ना, तिचाबी एकदम असाच हाये."

ताराचंदभाऊ आमचे शेजारी, किराण्याचे व्यापारी. मामाजीचा त्यायच्याशी जिवाभावाचा घरोबा अन् जिवाभावाची खुन्नस. ताराचंदनं गच्ची बांधली तर मामाजीनं कमान बांधली. ताराचंद शिर्डीले गेले तर मामाजी तिरुपतीले.

"काढ हा," मामाजी म्हणाले.

"मालक, कसून झाला ना!"

"काढ म्हणलं ना बे."

मग फांदीवर एकच उरला. आखूड, काळा, जाडजूड. रूपराव त्याले हात लावत नव्हता. म्हणाला, "हा दाखवायचा नाई मालक. याच्यातली जाळी काढेल हाये. याले आम्ही तोफ म्हणतो."

"लाव," मामाजी म्हणाले.

किक मारली. अव माय, माय, माय! कडुलिंबावरचे कावळे उडाले. शेजारच्याची बकरी दावं तोडून पळाली. माह्या माहेरच्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. मी, आत्याबाई, माही माय, हापशीवर पाणी भरणाऱ्या दोन बाया, आम्ही सगळ्यायनं एकदमच पदर डोक्यावर घेतले. कोणी ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेले. दहा सासरे एकदम खाकरल्यावर बाई दुसरं काय करन?

अन् मामाजीनं ते पाहिलं. गाडीवरून रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. सगळ्या बायायचे पदर डोक्यावर. त्यायची छाती चार बोटं फुगली.

"पाहिलं का योगेंद्र?" त्यायले ओरडूनच बोलावं लागत होतं. "आवाज ऐकला की मान मिळते! याले म्हणतात वजन!"

"पण बाबा, पोलिस..."

"पोलिसाच्या बायका कापड कुठून नेतात? हाच पाहिजे. कस."

येताना एस.टी.त आम्ही दोघी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. एकमेकीकडे पाहिलं असतं तर कंडक्टरनं खाली उतरवलं असतं.

त्यानंतरचा एप्रिल अन् अर्धा मे म्हणजे नुसता स्वर्ग. मामाजी बसस्टँडाच्याही पलीकडे असले तरी समजायचं. आम्ही साडी नेसून, चहाचं आधण ठेवून, चेहऱ्यावर दमलेला भाव आणून बसायचो. एकट्या आमचीच सोय झाली असं नाई. ताराचंदभाऊ आपली गाडी मामाजीच्या मागे मागे घेऊनच घरी यायचे, त्यामुळे त्यायच्या सुनेचंही भागायचं. ती माहेरून आल्यावर परत गाऊन घालायले लागली होती. गल्लीतल्या सुना मामाजीच्या गाडीले दुवा द्यायच्या. एकीनं तर आमरस पाठवला, मामाजीले वाटलं त्यायच्या दानधर्मामुळे. पुरुष मात्र वैतागले. कोणाचं लेकरू उठायचं, कोणाचं ब्लडप्रेशर. मामाजी म्हणायचे, "जळतात लेकाचे."

मग अधिक महिना लागला. मारुतीच्या देवळापुढे, म्हणजे आमच्या वळणावरच, मंडप टाकून भागवत सप्ता बसला. तीन वाजतापासून कथा. चौथ्या दिवशी कृष्णजन्म. महाराज मोठ्या भक्तिभावानं पाळण्याची दोरी हाती घेतात न घेतात तोच वळणावर मामाजीचा फटाका फुटला. म्हणे महाराजाच्या हातची दोरी सुटली, अन् वसुदेव झालेला माणूस टोपलीसकट मागच्या बायायवर पडला. दुसऱ्या दिवशी सप्त्याचे पुढारी अण्णाजी दुकानात गेले अन् मामाजीपुढे हात जोडले. मामाजी देवाले मानणारे. म्हणाले, "सप्ता संपेपर्यंत बसस्टँडावर गाडी बंद करीन अन् हातानं ढकलत आणीन. मंडपात आवाज येणार नाई."

हे आम्हाले कोणी सांगितलं नाई. योगेंद्र दुकानात तिथंच बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सांगायचं राहून गेलं म्हणे. काय माणसं असतात!

त्या दिवशी दुपारभर मंडपातले टाळ वाजत होते. आत्याबाईनं शिकेकाईनं केस धुतले होते अन् मधल्या खोलीत कूलरसमोर केस पसरून बसली होती. निळा गाऊन, पिवळी फुलं, पाय लांब. मी माह्या गाऊनमधे स्वयंपाकघरात पन्ह्याच्या कैऱ्या कुस्करत होती. मी तिथूनच रूपरावच्या दुसऱ्या सायलेन्सरचा आवाज तोंडानं काढून दाखवला. आत्याबाई मान मागे टाकून हसायले लागली.

अन् पडद्याच्या फटीतून मले मामाजी दिसले. दारात. घामानं सदरा अंगाले चिकटलेला, ढकलून ढकलून श्वास लागलेला. कूलरच्या आवाजात त्यायचं पाऊल वाजलंच नव्हतं. माह्या हातातली कैरी पातेल्यात पडली. मी मनात म्हटलं, झालं. उद्या माह्या बापाले बोलावणं.

मामाजीनं आत्याबाईकडे पाहिलं. आत्याबाईनं मामाजीकडे पाहिलं, तोंड अजून हसतंच होतं. मामाजीनं झटकन मान खाली घातली अन् हात जोडले.

"माफ करजा बाई," ते म्हणाले. "बसा, बसा. मले माहीत नव्हतं."

अन् वळून बाहेर गेले. ओट्यावर जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. तिथून हाक मारली, "योग्याची माय! पाहुणी आली तर सांगत जा ना वं. मी इथं बसतो. त्यायले सावकाश निघू दे." अन् खाकरले.

मले आधी काही समजलंच नाई. मग समजलं, अन् मी पळत आली. "आत्याबाई, वाचलो! वळखलंच नाई त्यायनं! उठा, साडी नेसा पटकन, मी सांगते पाहुणी मागच्या दारानं गेली!" मले हसू आवरत नव्हतं. मी तिची साडी खुंटीवरून ओढून आणली अन् तिच्यापुढे धरली.

ती उठली नाई. खळी गेली होती.

"कोणाले म्हणाले ते पाहुणी?"

मग माहं हसू थांबलं. मी म्हटलं, "उन्हातून आले ना आत्याबाई. डोळे दिपले असतीन."

ती काही बोलणार तोच बाहेरून मामाजीचा आवाज आला, दुकानातला, गोड. "अन् पाहुणीले सांग, गाऊन आपल्याच दुकानातला हाये. निळा पिवळा, मागच्या साली आलता. अजून लागले तर आपल्याकडेच या म्हणावं!"

"कापड वळखलं," आत्याबाई म्हणाली.

मले इतका राग आला त्या बुढ्याचा की पातेलं नेऊन डोक्यावर ओतावं वाटलं. पण तिच्याकडे पाहून रडूही आलं. तिच्या हातचं रोज जेवणारा माणूस! साडी माह्या हातात तशीच होती. ती नेसली असती तर काहीच झालं नसतं. पाहुणी गेली, गोष्ट संपली, दुपार आमची. मी परत म्हटलं, "नेसा ना आत्याबाई. आपलं सगळं जाईल नाईतर."

"ठेव ते," ती म्हणाली.

तिनं माठातून गिलास भरला. ओले केस पाठीवर तसेच सोडलेले. डोक्यावर काही नाई. अन् तशीच बाहेर गेली. मी दारामागे उभी राह्यली. मीबी गाऊनमधेच होती, पण तवा भान कोणाले होतं.

मामाजीले बाजूले गाऊनची किनार दिसली. त्यायनं मान आणखी खाली घातली, अंग चोरून घेतलं. माणूस सभ्य आहे, ते मी कधी नाकारलं नाई.

"कायले तकलीफ घेतली ताई," ते फरशीले म्हणाले. "कोणाच्या घरच्या आपण?"

"तुमच्या," आत्याबाई म्हणाली. "तीन लेकरं झाली तुमच्यापासून. आता वर पाहायले काय भेव हाये?"

मामाजीनं वर पाहिलं. मी दाराची चौकट घट्ट धरली, आता गल्ली गोळा होते म्हणून. मामाजीनं तोंडही उघडलं. पण ओरडले नाई. तिच्या तोंडाकडे पाहत राह्यले. मग केसायकडे पाहत राह्यले. उन्हात ते सगळे केस चमकत होते, अन् त्यात एक काळा नव्हता.

"केस कवा पांढरे झाले तुह्ये?" ते हळूच म्हणाले.

"तुमी दुकानात होते तवा," आत्याबाई म्हणाली. "पाणी घ्या."